घरचा माणूस गेल्यावर: राहिलेलं कर्ज, थकलेल्या पट्ट्या आणि बाईच्या कामाचा हिशेब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी सत्तावीस वर्षं एका पतसंस्थेत नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा वसुलीला होते, म्हणजे थकबाकीदाराच्या दारात उभं राहणं हेच माझं काम. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी गावच्या देवळाच्या सभामंडपात बसते आणि नवरा गेलेल्या बायकांचे कागद वाचून देते. तेव्हा दाराच्या बाहेर होते, आता आत बसते, एवढाच फरक. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून लिहून काढले. मी वकील नाही. कोर्टाची नोटीस आली असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. १५१०० या नंबरावर फोन केला तरी चालतो.

मिस्टर गेले. त्यांचं कर्ज आता मला फेडावं लागणार का?

कर्ज एकट्या त्यांच्या नावावर असेल आणि तुमची सही कुठेच नसेल, तर तुमच्या स्वतःच्या पैशातून नाही. ते जे मागे ठेवून गेले त्यातूनच देणं वसूल होतं. त्यांनी चार लाखांची ठेव ठेवली आणि देणं सात लाखांचं असेल, तर चार लाखांपर्यंतच. उरलेल्या तीन लाखांसाठी तुमच्या पगाराला किंवा तुमच्या माहेरच्या जमिनीला हात लावता येत नाही. काहीच ठेवलं नसेल तर काहीच नाही. मग कर्ज बँकेचं असो, क्रेडिट कार्डाचं असो, की शेजाऱ्याकडून घेतलेले हातउसने असोत.

मात्र घर किंवा गाडी तारण असेल तर तारण सुटत नाही. घर ठेवायचं असेल तर हप्ते भरायलाच लागतात.

सही केली होती, पण कशावर केली ते माहीत नाही. “इथे कर” म्हणाले, केली.

शनिवारी येणाऱ्या दहाजणींपैकी सातजणी हेच सांगतात. संस्थेत जाऊन कर्जप्रकरणाची आणि मंजुरीपत्राची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मग आपली सही शोधा आणि तिच्या खाली काय छापलंय ते वाचा. ‘साक्षीदार’ असेल तर तुम्ही मोकळ्या. ‘सह-कर्जदार’ असेल तर ते कर्ज तुमचंही आहे, अख्खं, अर्धं नव्हे. ‘जामीनदार’ असेल तरीही तेच, कारण १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरली आहे. “आधी त्यांच्या मालमत्तेतून घ्या, मग माझ्याकडे या” असं जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही.

आमच्याकडे कर्जाच्या फॉर्मवर पेन्सिलीने फुल्या करून ठेवायची पद्धत होती. फुली दिसली की बाई सही करायची, आणि आम्ही खोडरबराने फुली पुसायचो. मीही पुसल्या आहेत.

दहावंसुद्धा झालं नाही आणि फोन सुरू झाले. काय बोलू?

“मृत्यूचा दाखला मिळाला की लेखी कळवते” एवढंच बोला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, चारचौघांत अपमान, हे तर नाहीच नाही. फोन कधी आले ते वेळेसकट वहीत लिहा. बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा नंबर १४४४८. पतसंस्था मात्र लोकपालाकडे येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे.

आणि तेरावं होईपर्यंत कसल्याही कागदावर सही करू नका. “फक्त बाकी मान्य आहे एवढं लिहून द्या” हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय, म्हणून सांगते. साध्या कर्जाची मुदत तीन वर्षांची असते. तीन वर्षं संपायच्या आत तुम्ही देणं लेखी मान्य केलंत, किंवा पाचशे रुपये भरून पावतीवर सही केलीत, की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. मुदत उलटून गेल्यावर “मी फेडीन” असं लिहून दिलंत तर ते नवीन वचन ठरतं, आणि ते तुमचं असतं. गेलेल्या माणसाचं नव्हे.

मुलगा म्हणतो, बापाचं ऋण फेडणं माझा धर्म आहे.

त्याला फेडावंसं वाटत असेल तर तो मोठ्या मनाचा मुलगा आहे. पण कायदा ते लादत नाही. हिंदू कुटुंबात पूर्वी बापाचं, आजाचं कर्ज मुला-नातवावर धर्माने यायचं आणि कोर्टही ते मानायचं. ९ सप्टेंबर २००५ पासून वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने ते बंद झालं. त्या तारखेनंतरच्या कर्जासाठी निव्वळ ‘मुलगा आहे’ म्हणून वसुली होत नाही. याच दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. त्यावर भावांनी खूप चर्चा केली. कर्जाचं कलम मात्र कुणी वाचलेलं दिसत नाही.

जप्ती आली तर घरातलं काय नेतील?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये यादीच आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यापुरती जनावरं आणि बी-बियाणं, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं राहतं घर, हेही त्यात येतं. शिवाय धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून काढू नयेत असे दागिने. म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र.

इथे मला नेहमी एक विचित्र गंमत दिसते. कायदा ज्या दागिन्याला सावकारापासून वाचवतो तोच दागिना नवरा गेल्यावर आपलीच माणसं तोडून काढतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तोडलं असो नसो, सोनं तुमचंच. माहेरून आलेलं, लग्नात अंगावर घातलेलं ते स्त्रीधन. ते नवऱ्याच्या मालमत्तेत मोजायचं नसतं आणि त्याच्या देण्यातही जात नाही. ते सासूबाईंच्या कपाटात असेल तर मागून घ्या.

हाच दागिना त्यांनी सोनेतारणात ठेवला असेल तर पंचाईत आहे. लिलावाची नोटीस येण्याआधी जाऊन तारीख विचारा, जमेल तसं सोडवा.

पतसंस्थेकडून ‘१०१’ ची नोटीस आलीय. म्हणजे काय?

हे नीट वाचा, कारण इथेच बायका हरतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम १०१ प्रमाणे पतसंस्थेला दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. ती निबंधकांकडे अर्ज करते, सुनावणी होते आणि वसुलीचा दाखला निघतो. दाखला हातात आला की वसुली अधिकारी जप्ती-लिलाव करू शकतो. सुनावणीची तारीख नोटिशीवर असते. नोटीस पोस्टमनच्या हातून येते, घरात दुखवटा असतो, पाकीट कुणीतरी देवघराच्या फळीवर ठेवतं. तारीख जाते. दाखला निघतो. मग त्याविरुद्ध वर दाद मागायची तर आधी दाखल्यातली निम्मी रक्कम भरावी लागते.

पहिल्या तारखेला गेलात तर तेच बोलायला एक पैसा लागत नाही. “व्याज चुकीचं लावलंय, मला खातेउतारा द्या”, “माझी सही साक्षीदाराची आहे”, “वारस म्हणून माझी जबाबदारी मालमत्तेपुरतीच आहे” हे त्या दिवशी लेखी द्यायचं असतं. मी वसुलीला होते तेव्हा सुनावणीला बहुतेक खुर्च्या रिकाम्या असायच्या. आम्हाला बरंच व्हायचं.

बँकेचं तारणकर्ज असेल तर रस्ता वेगळा, सरफेसीचा, म्हणजे कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊ देणाऱ्या कायद्याचा. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक होतं, मग साठ दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत द्या, बँकेला पंधरा दिवसांत उत्तर देणं भाग असतं. ताबा घेण्याची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही.

दीर म्हणतात, “कर्ज आम्ही बघतो, तू हक्कसोडवर सही कर.”

हक्कसोड पत्र नोंदवलं की जमिनीतला तुमचा हिस्सा गेला. कर्ज मात्र गेलं नाही! तुम्ही सह-कर्जदार असाल तर दिरांनी दिलेला शब्द बँकेवर बंधनकारक नाही. आधी त्यांना कर्ज फेडू द्या, बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा) आणू द्या, सातबाऱ्यावरचा बोजा उतरू द्या. मग बोलू. हिंदू वारसा कायद्याने विधवा, प्रत्येक मूल आणि मेलेल्याची आई यांना समान वाटा आहे. सून म्हणून पंचवीस वर्षं त्या रानात खुरपणी केली तिचा पगार कुणी मागितला नव्हता, आता निदान हिस्सा तरी सोडू नका.

वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. (पाटीवर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ लिहिलेलं असतं, माणूस तोच.)

खासगी सावकाराचं काय? महिन्याला पाच टक्के लावलेत.

परवाना विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी व्याजाला सरकारने मर्यादा घातली आहे. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, ही दामदुपटीची जुनी अट या कायद्यातही आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे. जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर ते ‘खरेदी’ नसून सावकारीचं तारण होतं हे तिथे मांडता येतं. भिशीतले किंवा नातेवाइकांचे हातउसने यात येत नाहीत.

विम्याचे आणि पीएफचे पैसे बँक कापून घेईल का?

पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढलेली पॉलिसी असेल तर तीही नवरा ज्यांचं देणं लागत होता त्यांच्यापासून सुरक्षित. त्याच बँकेत त्यांची ठेव असेल तर ती मात्र कर्जात वळती करून घेऊ शकतात.

आता पासबुक काढा. मे-जूनच्या पानावर ४३६ रुपये किंवा २० रुपये कापल्याची नोंद आहे का बघा. ४३६ असतील तर जीवनज्योती विमा, म्हणजे २ लाख. २० असतील तर सुरक्षा विमा, म्हणजे अपघाती मृत्यूला २ लाख. या दोन नोंदींकडे कुणाचं लक्ष जात नाही. पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेला विमा ७ लाखांपर्यंत मिळतो. गृहकर्जाच्या मंजुरीपत्रात ‘विमा हप्ता’ असा आकडा दिसला तर कर्जावरच विमा असू शकतो, मग हप्त्यांची काळजी करण्याआधी तो दावा करा.

एक ताई आठ महिने चार घरची धुणीभांडी करून हप्ते भरत होत्या. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर विम्याची ओळ होती. दुसरं पान पहिल्याला चिकटलेलं होतं.

घरपट्टी-पाणीपट्टी चार वर्षं थकलीय.

ही मालमत्तेवर बसते, माणसावर नाही. घर ज्याच्याकडे जाईल त्याने भरायची. महापालिकेत थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, वर्षाचे चोवीस झाले. बँकेच्या कर्जापेक्षा महाग! तेव्हा हाताशी थोडेच पैसे असतील तर आधी इकडे वळवा. शास्तीत सूट देणारी अभय योजना अधूनमधून निघते, लोकअदालतीतही तडजोड होते, वॉर्ड ऑफिसात विचारत राहा. आणि पावती नव्या नावाने मागू नका, आधी नाव लावण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो.

गेलेल्या माणसाला इन्कम टॅक्स भरावा लागतो का?

१ एप्रिलपासून गेल्याच्या दिवसापर्यंतचं त्यांचं विवरणपत्र वारसाने भरायचं असतं. पोर्टलवर ‘कायदेशीर वारस’ म्हणून नोंदणी करावी लागते. त्यानंतरचं व्याज-भाडं तुमचं उत्पन्न. कराची जबाबदारीही त्यांच्या मालमत्तेपुरतीच. घाबरून हे टाळू नका. बँकेने व्याजावर कर कापून ठेवलेला असतो, पुष्कळदा भरायचं काही निघत नाही, उलट परतावा मिळतो.

दुकान असेल आणि जीएसटी थकला असेल तर एक खोच आहे. दुकान बंद केलंत तर जुना कर मालमत्तेपुरता. तेच दुकान तुम्ही पुढे चालवलंत तर जुनी थकबाकी तुमची स्वतःची होते. शटर वर करण्याआधी हिशेब तपासून घ्या.

मी घरखर्चातून वाचवून डब्यात साठवलेले पैसे बँकेत भरले तर टॅक्सवाले विचारतील का?

नोटाबंदीत हा प्रश्न घराघरात उठला होता. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने २ लाख ११ हजार ५०० रुपये भरले होते, खात्याने ते बेहिशेबी उत्पन्न ठरवलं. २०२१ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने तिच्या बाजूने निकाल दिला. नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेला त्यांनी घरखर्चातली बचत मानलं. तो निकाल त्या काळापुरता आहे. तरी वाचवणं हे बाईचं काम असतं एवढं एका सरकारी कागदावर आलं, मला तेच पुष्कळ वाटलं.

तीस वर्षं घर चालवलं. या कामाची किंमत कुठे धरतात का?

धरतात. पण बहुतेक वेळा बाई मेल्यावर.

३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला एका समारंभात आग लागून बायका-मुलं गेली. भरपाईचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला आणि २००१ मध्ये कोर्टाने गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३००० रुपये धरली. त्या काळी मोटार अपघाताच्या कायद्यातल्या तक्त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरायचं असं होतं, म्हणजे नवरा मोठ्या पगाराचा असेल तर बायकोची भाकरीही महाग. २०१० च्या एका निकालात न्यायमूर्तींनी दाखवून दिलं, की २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, अनुत्पादक म्हणून बसवलं होतं. ५ जानेवारी २०२१ ला दिल्लीच्या एका जोडप्याच्या अपघाताचा निकाल लागला. उच्च न्यायालयाकडून २२ लाख मिळाले होते, सुप्रीम कोर्टाने ३३ लाख २० हजार केले, आणि गृहिणीच्या उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरली पाहिजे असं सांगितलं.

तुमच्या घरात असा अपघात झाला असेल आणि गेलेली बाई गृहिणी असेल तर “ती काही कमवत नव्हती” असं दाव्यात लिहू देऊ नका. ती काय काय करायची ते लिहा. जनावरं किती, माणसं किती, आजारी सासऱ्यांचं कोण करायचं.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं त्यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. २८९ मिनिटं म्हणजे वर्षाला साडेसतराशे तास. आठ तासांची हजेरी धरली तर २१९ दिवस. आमच्या पतसंस्थेत वर्षाला एवढे दिवस भरले की माणूस कायम व्हायचा.

जिवंतपणी या कामातून मालकी मिळते का? मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये म्हटलं, की नवऱ्याच्या कमाईतून झालेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोचाही वाटा असतो. महाराष्ट्रात तो निकाल बांधील नाही, दाखला म्हणून दाखवता येतो.

आम्ही गोव्यातल्या. आमच्याकडे हेच लागू का?

नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि निम्मी बायकोची असते, तिने बाहेर कमावलं असो नसो. नवरा गेल्यावर तिचा अर्धा बाजूला काढून उरलेल्या अर्ध्याची वाटणी, तीही इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटण्याच्या, प्रक्रियेने. आयकरातही पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं विभागून दाखवतात, त्यामुळे गोव्यातल्या कितीतरी गृहिणींचं स्वतःचं विवरणपत्र असतं. सांगलीच्या बाईला हे सांगितलं की ती आधी हसते, मग गप्प होते. पण कर्जाची बाजूही तशीच सामाईक असू शकते, म्हणून तिथल्याच वकिलाला विचारा.

नवरा धडधाकट आहे. आत्ताच काय करून ठेवता येईल?

विषय काढा, अशुभ वाटलं तरी. शेत असेल तर लक्ष्मीमुक्ती: शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही मोहीम चालवली आणि १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज दिला की त्याच्या हयातीत सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठी “अशी योजना नाही” म्हणाला तर तारीख सांगा, १५ सप्टेंबर १९९२. घर घेताना कर्जावर तुमची सही मागतात तेव्हा खरेदीखतातही नाव घाला. हप्त्यात नाव आणि घरात नाही, असे किती कागद पाहिले त्याला गणती नाही.

शनिवारी येताना काय आणायचं?

मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती, सगळी पासबुकं, आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट, कारण पाकिटावरच्या शिक्क्यावरून दिवस मोजतात. पिशवीच आणली तरी चालेल, आपण जमिनीवर पसरून लावू. आणि चष्मा असेल तर चष्मा. ‘सह-कर्जदार’ हा शब्द फार बारीक छापतात.